अतारांकित प्रश्न

अतारांकित प्रश्न म्हणजे संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या सदस्याने मंत्र्याला विचारलेला असा प्रश्न, ज्याचे उत्तर सभागृहात तोंडी न देता लेखी स्वरूपात पटलावर ठेवले जाते. तोंडी उत्तराची मागणी असलेल्या प्रश्नाजवळ यादीत तारकाचिन्ह (*) छापलेले असते व त्यास 'तारांकित प्रश्न' म्हणतात. असे चिन्ह नसलेला प्रश्न तो अतारांकित प्रश्न होय. शासनाच्या विभागांकडून माहिती मिळवणे, निर्णयामागील किंवा विलंबामागील कारणे विचारणे आणि मिळालेल्या उत्तराची अधिकृत नोंद करून घेणे हे या प्रश्नांचे प्रमुख हेतू आहेत.

लोकसभेत एका बैठकीसाठी २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न, तर राज्यसभेत १५ तारांकित व १६० अतारांकित प्रश्न यादीत घेतले जातात. दूरचित्रवाणीवर दिसणारा प्रश्नोत्तराचा तास तारांकित प्रश्नांसाठी असला, तरी विभागांना विचारल्या जाणाऱ्या दर दहा प्रश्नांपैकी नऊहून अधिक प्रश्नांची उत्तरे अशा प्रकारे केवळ लेखी स्वरूपात मिळतात.

घटनात्मक आधार

भारतीय संविधानात प्रश्न विचारण्याच्या अधिकाराचा स्वतंत्र अनुच्छेद नाही. अनुच्छेद ७५(३) नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला, तर अनुच्छेद १६४(२) नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. या जबाबदारीतून प्रश्न विचारण्याचा अधिकार निष्पन्न होतो. त्याची कार्यपद्धती अनुच्छेद ११८ खाली प्रत्येक सभागृहाने केलेल्या नियमांमध्ये दिलेली आहे. राज्य विधिमंडळांसाठी हीच तरतूद अनुच्छेद २०८ मध्ये आहे.

प्रश्न मंत्र्याला विचारला जातो, अधिकाऱ्याला नाही. उत्तर विभागातील अधिकारी तयार करत असले, तरी सभागृहापुढे ते मंत्र्याच्या नावाने येते आणि त्यातील मजकुराची जबाबदारी मंत्र्याचीच असते.

इतिहास

ब्रिटिश संसदेत मंत्र्याला विचारलेल्या प्रश्नाची पहिली ज्ञात नोंद १७२१ मधील आहे. साउथ सी कंपनीचा फरार झालेला रोखपाल ब्रुसेल्समध्ये पकडला गेल्याची वार्ता खरी आहे काय, अशी विचारणा अर्ल कूपर यांनी उमरावांच्या सभागृहात केली होती.

भारतात १८६१ च्या कौन्सिल कायद्याने स्थापन झालेल्या कायदेमंडळांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. तो १८९२ च्या कायद्याने प्रथम मिळाला; मात्र उत्तरावर चर्चा करण्यास किंवा उपप्रश्न विचारण्यास मनाई होती. या अधिकाराखाली पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंग्याच्या राजांनी विचारला. दौऱ्यावरील सरकारी अधिकाऱ्यांना शिधासामग्री पुरवावी लागल्याने खेड्यातील दुकानदारांना जो त्रास होत असे, त्याविषयीचा तो प्रश्न होता. याच दशकात फिरोजशहा मेहता, बाळ गंगाधर टिळक व गोपाळ कृष्ण गोखले हे निरनिराळ्या वेळी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाचे सदस्य होते.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याची मुभा दिली. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर ती सर्व सदस्यांना मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये पहिली लोकसभा अस्तित्वात आली. तिचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर होते. त्यांनी त्यापूर्वी मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषवले होते.

प्रश्नांचे प्रकार

* तारांकित प्रश्न : मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. वेळेअभावी पुकारल्या न गेलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी उत्तरे म्हणून पटलावर ठेवली जातात.
* अतारांकित प्रश्न : उत्तर लेखी असते. त्यावर सभागृहात उपप्रश्न विचारता येत नाही.
* अल्पसूचना प्रश्न : तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीवर, नेहमीपेक्षा कमी मुदतीची सूचना देऊन विचारलेला प्रश्न. त्यासाठी मंत्र्याची संमती लागते.
* खासगी सदस्याला विचारलेला प्रश्न : मंत्री नसलेल्या सदस्याकडे एखादे विधेयक, ठराव किंवा सभागृहाच्या कामकाजाची बाब सोपवलेली असल्यास त्याविषयी विचारलेला प्रश्न.

तारांकित प्रश्नाचे सामर्थ्य उपप्रश्नात असते; तयारी नसलेला मंत्री तेथे उघडा पडतो. अतारांकित प्रश्नाचे सामर्थ्य आकडेवारीत असते. जिल्हानिहाय रिक्त पदे, वर्षनिहाय निधी व खर्च, प्रलंबित प्रकरणांची संख्या अशी माहिती तोंडी उत्तरात मावत नाही. लेखी उत्तराला जोडलेल्या विवरणपत्रात ती सविस्तर देता येते. गदारोळामुळे सभागृह तहकूब होऊन प्रश्नोत्तराचा तास वाया गेला, तरी त्या दिवसाची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात.

कार्यपद्धती

सूचना व सोडत

लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी महासचिवांकडे द्यावी लागते. मंत्रालयांची पाच गटांत विभागणी केलेली असून प्रत्येक गटासाठी आठवड्यातील एक दिवस ठरलेला असतो. सूचनांची संख्या मोठी असल्याने त्यांचा क्रम सोडतीने ठरवला जातो. एका दिवसाच्या यादीत एका सदस्याच्या नावे जास्तीत जास्त पाच प्रश्न येऊ शकतात व त्यांपैकी एकच तारांकित असू शकतो. राष्ट्रपती राजवट लागू असलेल्या राज्यांसंबंधी नेहमीच्या २३० अतारांकित प्रश्नांव्यतिरिक्त आणखी २५ पर्यंत प्रश्न स्वीकारता येतात.

ग्राह्यता

प्रश्न स्वीकारायचा की नाही, याचा निर्णय लोकसभेत अध्यक्ष व राज्यसभेत सभापती घेतात. लोकसभेच्या नियम ४१ मध्ये ग्राह्यतेच्या अटी दिलेल्या आहेत. त्यांपैकी प्रमुख अटी अशा :

* प्रश्न सामान्यतः १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा.
* त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप किंवा बदनामीकारक मजकूर नसावा.
* त्यात केवळ मत किंवा काल्पनिक परिस्थितीचे उत्तर विचारलेले नसावे.
* विषय प्रामुख्याने भारत सरकारच्या अखत्यारीतील असावा.
* विषय न्यायप्रविष्ट, गोपनीय किंवा क्षुल्लक नसावा.
* सहज उपलब्ध दस्तऐवजांत किंवा सामान्य संदर्भग्रंथांत असलेली माहिती विचारलेली नसावी.

या अटींमुळे प्रश्नकर्त्याला आपली तक्रार वस्तुस्थितीच्या प्रश्नात रूपांतरित करावी लागते. 'विभाग निष्क्रिय का आहे' असा प्रश्न ग्राह्य ठरत नाही. मात्र 'मंजूर पदे किती, भरलेली किती व रिक्त पदे भरण्यासाठी कोणती कार्यवाही केली' हा प्रश्न ग्राह्य ठरतो.

मंत्रालयातील कार्यवाही

स्वीकृत प्रश्न संबंधित मंत्रालयाच्या संसद कक्षाकडे येतो व तेथून विषय हाताळणाऱ्या शाखेकडे जातो. शाखा क्षेत्रीय कार्यालये, संलग्न संस्था व आवश्यकता असल्यास राज्य शासनांकडून माहिती मागवते. उत्तराचा मसुदा अधिकाऱ्यांच्या उतरंडीतून सचिवांपर्यंत व अखेरीस मंत्र्यांच्या मान्यतेसाठी जातो. ठरलेल्या दिवशी उत्तर देणे बंधनकारक असल्याने दुर्लक्षित राहिलेली धारिका या निमित्ताने वरिष्ठांच्या नजरेस येते. प्रश्नाचा प्रशासनावरील परिणाम काही वेळा उत्तर दिले जाण्यापूर्वीच सुरू होतो, तो यामुळे.

प्रश्न व उत्तराची भाषा

लेखी प्रश्न अनेक भागांत विभागलेला असतो. महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्यांमध्ये त्याचा साचा ठरलेला आहे. पहिल्या भागात एखादी वस्तुस्थिती मांडून 'हे खरे आहे काय' असे विचारले जाते. पुढील भाग 'असल्यास' या शब्दाने सुरू होतात व त्यांत चौकशी झाली काय, तिचे निष्कर्ष काय आणि त्यानुसार कोणती कार्यवाही केली, हे विचारलेले असते. शेवटच्या भागात, कार्यवाही झालेली नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत, अशी विचारणा असते.

उत्तरांचेही साचे रूढ आहेत. 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही' आणि 'प्रश्न उद्भवत नाही' ही त्यांपैकी सर्वपरिचित उत्तरे होत. पहिल्या भागाचे उत्तर 'हे खरे नाही' असे आले, की त्यावर अवलंबून असलेल्या पुढील सर्व भागांना 'प्रश्न उद्भवत नाही' असे उत्तर देता येते. म्हणून पहिल्या भागातील तपशील, म्हणजे ठिकाण, कालावधी, योजनेचे नाव व रक्कम, जितका अचूक तितकी उत्तर टाळण्याची जागा कमी राहते. तपशिलातील लहानशा चुकीमुळे संपूर्ण प्रश्न निष्फळ ठरू शकतो.

उत्तरानंतरचा पाठपुरावा

आश्वासने

माहिती तत्काळ उपलब्ध नसल्यास 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' किंवा 'बाब विचाराधीन आहे' अशा आशयाचे उत्तर दिले जाते. अशी वाक्ये आश्वासन मानली जातात. कोणत्या शब्दप्रयोगांना आश्वासन समजावे, याची प्रमाण यादी केलेली आहे. केंद्रात संसदीय कार्य मंत्रालय कामकाजातून ही आश्वासने वेचून संबंधित मंत्रालयांना कळवते. त्यांची पूर्तता सामान्यतः तीन महिन्यांत करावयाची असते.

या पूर्ततेवर शासकीय आश्वासन समिती देखरेख ठेवते. लोकसभेत ही समिती १९५३ मध्ये, तर राज्यसभेत १९७२ मध्ये स्थापन झाली. लोकसभेच्या समितीत १५ व राज्यसभेच्या समितीत १० सदस्य असतात. मंत्री या समितीचा सदस्य होऊ शकत नाही. मुदतवाढ किंवा आश्वासन वगळण्याची विनंती मंत्रालयाला समितीपुढे करावी लागते. समितीच्या विचाराधीन असलेली प्रलंबित आश्वासने लोकसभा विसर्जित झाल्यानंतरही संपुष्टात येत नाहीत.

अर्धा तास चर्चा व उत्तरातील दुरुस्ती

लेखी उत्तरातील वस्तुस्थितीचे अधिक स्पष्टीकरण आवश्यक असल्यास सदस्य अर्धा तास चर्चेची मागणी करू शकतो. लोकसभेत ही तरतूद नियम ५५ मध्ये आहे. तारांकित व अतारांकित अशा दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांवर ही चर्चा उपस्थित करता येते. अतारांकित प्रश्नावर उपप्रश्न नसल्याची उणीव यामुळे काही अंशी भरून निघते.

उत्तरात चूक आढळल्यास मंत्र्याने सभागृहात दुरुस्तीचे निवेदन करावयाचे असते. जाणूनबुजून दिशाभूल करणारे उत्तर दिल्यास तो सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो.

उल्लेखनीय उदाहरणे

मुंदडा प्रकरण (१९५७–५८)

नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे समभाग खरेदी केले होते. या व्यवहाराविषयी लोकसभेत १९५७ मध्ये प्रश्न विचारले गेले. मिळालेल्या उत्तरांनी समाधान न झाल्याने फिरोज गांधी यांनी १६ डिसेंबर १९५७ रोजी हा विषय चर्चेत उपस्थित केला. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्यीय चौकशी आयोग नेमण्यात आला व त्याने मुंबईत खुली सुनावणी घेतली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला.

स्थलांतरित कामगारांचे मृत्यू (२०२०)

कोविड-१९ महामारीमुळे सप्टेंबर २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द करण्यात आला. तारांकित प्रश्न नव्हते; केवळ लेखी उत्तरे देण्यात आली. टाळेबंदीच्या काळात गावी परतताना किती स्थलांतरित कामगारांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या कुटुंबीयांना भरपाई देण्यात आली काय, असे लोकसभेत विचारण्यात आले. अशी माहिती ठेवली जात नाही, असे उत्तर कामगार मंत्रालयाने १४ सप्टेंबर रोजी दिले. त्यामुळे भरपाईविषयीच्या भागाला प्रश्न उद्भवत नाही, असे उत्तर मिळाले. परतलेल्या कामगारांची संख्या सुमारे १ कोटी ४ लाख असल्याचे मात्र याच मंत्रालयाने सांगितले.

त्याच आठवड्यात राज्यसभेतील एका प्रश्नाच्या लेखी उत्तरात रेल्वे मंत्रालयाने वेगळा तपशील दिला. राज्यांच्या पोलिसांनी पुरवलेल्या माहितीनुसार ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक विशेष गाड्यांमधून प्रवास करताना ९७ व्यक्तींचा मृत्यू झाला होता. त्यांपैकी ८७ प्रकरणांत मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवण्यात आले होते व ५१ अहवाल प्राप्त झाले होते. रस्त्याने पायी निघालेल्यांचा समावेश या आकड्यात नव्हता. तरीही एका मंत्रालयाकडे नसलेल्या माहितीचा काही भाग दुसऱ्या मंत्रालयाकडे होता, ही बाब दोन लेखी उत्तरे शेजारी ठेवल्याने नोंदीवर आली.

प्राणवायूअभावी झालेले मृत्यू (२०२१)

कोविडच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूच्या कमतरतेमुळे मोठ्या संख्येने रुग्ण दगावले काय, या राज्यसभेतील प्रश्नाला २० जुलै २०२१ रोजी आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी लेखी उत्तर दिले. आरोग्य हा राज्यांचा विषय असून प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचे राज्ये व केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळवलेले नाही, असे त्यात म्हटले होते. या उत्तरावर व्यापक टीका झाली. केंद्राचे उत्तर राज्यांनी पाठवलेल्या माहितीवर आधारलेले असल्याने, मृत्यूची अशी नोंद करण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यानंतर चर्चेत आला.

महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्र विधिमंडळाच्या विधानसभा (२८८ सदस्य) व विधान परिषद (७८ सदस्य) या दोन्ही सभागृहांत तारांकित, अतारांकित व अल्पसूचना प्रश्नांची पद्धत आहे. अर्धा तास चर्चा आणि लक्षवेधी सूचना ही संबंधित आयुधे असून आश्वासनांच्या पूर्ततेसाठी आश्वासन समिती कार्यरत असते. प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीत प्रसिद्ध होतात. रस्ते, पाणीपुरवठा योजना, आश्रमशाळा, पीक नुकसानभरपाई, शासकीय रुग्णालये असे स्थानिक विषय त्यांत मोठ्या प्रमाणात आढळतात. त्यामुळे जिल्ह्याच्या प्रशासकीय इतिहासाचे साधन म्हणूनही त्यांचा उपयोग होतो. गोवा विधानसभेतही तारांकित व अतारांकित असे प्रश्नांचे दोन प्रकार आहेत.

माहितीच्या अधिकाराशी संबंध

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार कोणताही नागरिक शासकीय माहितीसाठी थेट अर्ज करू शकतो. अर्जदाराला उपलब्ध अभिलेख मिळतो. लोकप्रतिनिधी मात्र प्रश्नाद्वारे कारणे व नियोजित कार्यवाहीही विचारू शकतो. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुक या अधिनियमाच्या कलम ८(१) मध्ये होते. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ द्वारे केलेल्या दुरुस्तीत ते वगळण्याची तरतूद आहे.

प्रश्न विचारण्याच्या अधिकाराचा गैरवापर

हंगामी संसदेतील मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशन या सराफी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून आर्थिक लाभ घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचे सभागृहाच्या समितीला आढळले. बडतर्फीच्या प्रस्तावावर निर्णय होण्यापूर्वी त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे स्वीकारताना काही सदस्यांचे गुप्त चित्रीकरण प्रसारित झाले. त्यानंतर २३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेच्या १० व राज्यसभेच्या एका सदस्याचे सदस्यत्व रद्द करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये राजा राम पाल खटल्यात ही कारवाई वैध ठरवली.

मर्यादा

* लेखी उत्तरावर तत्काळ प्रतिप्रश्न करता येत नसल्याने संदिग्ध उत्तर त्या दिवसापुरते तसेच राहते.
* अधिवेशनाबाहेरच्या काळात ही प्रक्रिया थांबते. अधिवेशने लहान झाली की प्रश्नांची एकूण संख्याही घटते.
* सोडतीमुळे महत्त्वाचा प्रश्न मागे पडू शकतो.
* राज्यांच्या अखत्यारीतील विषयांवर केंद्राचे उत्तर राज्यांकडून आलेल्या माहितीपुरते मर्यादित असते.
* 'माहिती ठेवली जात नाही' या उत्तराने विभागाला तत्काळ कोणतीही शिक्षा होत नाही.

यांपैकी शेवटच्या मर्यादेला दुसरी बाजूही आहे. माहिती नसल्याची कबुली तारखेसह व मंत्र्याच्या नावासह अधिकृत कामकाजात नोंदली जाते. ती माहिती कोणत्या तारखेपासून ठेवली जाणार, असा प्रश्न पुढील अधिवेशनात विचारता येतो आणि त्याच्या उत्तरात 'बाब विचाराधीन आहे' असे म्हटल्यास ते आश्वासन समितीच्या कक्षेत येते. अतारांकित प्रश्नाची परिणामकारकता त्यामुळे एका उत्तरापेक्षा त्याच विषयावर ओळीने विचारलेल्या प्रश्नांवर अधिक अवलंबून असते.

हेही पहा

* प्रश्नोत्तराचा तास
* शून्य प्रहर
* लक्षवेधी सूचना
* शासकीय आश्वासन समिती
* महाराष्ट्र विधानसभा
* माहितीचा अधिकार